व्हिसाच्या फॉर्ममध्ये जुना रेल्वे कोर्टाचा दंड लिहायचा का?

खारेगावची | ७ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बाबांचा यूकेचा व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरतेय आणि एका प्रश्नाशी अडकलेय. भाऊ रेडिंगला असतो, जूनमध्ये वहिनीचं बाळंतपण आहे, आई-बाबा दोघंही जाणार आहेत. आईचा फॉर्म सरळ भरून झाला. बाबांच्या फॉर्ममध्ये विचारलंय की यूकेत किंवा दुसऱ्या कुठल्याही देशात, कधीही, गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का.

झालं होतं असं. १९९६-९७ च्या सुमारास बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. पहिल्या पाळीची बस कळवा नाक्यावर यायची आणि आम्ही खारेगावात राहायचो. फाटक बंद असलं की सगळं गाव रूळ ओलांडूनच पलीकडे जायचं. एका सकाळी आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दल) बरेच जण धरले, रेल्वे कोर्टात नेऊन उभे केले. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. सगळे हो म्हणाले, दंड भरला, संध्याकाळी घरी आले. पाळी बुडाली त्याचंच बाबांना जास्त वाईट वाटलं होतं.

वाशीचा एजंट म्हणतो, "ताई, सरळ नाही टिक करा, असल्या गोष्टी कोणी बघत नाही." भावाचंही तेच मत. बाबा तर तो प्रश्न ऐकूनच चिडले. "आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, आणि आता मी गुन्हेगार म्हणून सही करू?" मला मात्र "नाही" वर क्लिक करायचं जिवावर आलंय. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

तलावपाळी | रात्री ९.५२

रूळ ओलांडणं गुन्ह्यात धरलं तर कळवा, मुंब्रा, दिवा इथलं निम्मं पब्लिक कायमचं इथेच राहणार. :)

पारसिक_बोगदा | रात्री १०.०५

तलावपाळी, हसू आलं खरं, पण दिव्याच्या फाटकात रोज माणसं जायची हो. आमच्या शेजारचे काका तिथेच गेले. आरपीएफवाले धरायचे तेव्हा राग यायचा, आता वाटतं अजून धरायला हवे होते.

ताई, विषयावर मला काही माहीत नाही. वाचतोय.

घोडबंदरी | रात्री १०.२०

एजंट अगदीच चुकीचं बोलत नाहीये. तीस वर्षांपूर्वीची रेल्वे कोर्टातली नोंद कुठल्या तरी रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेली असणार, ते रजिस्टर आज असेल की नाही कोण जाणे. ते लंडनला कसं पोचणार? उलट "हो" लिहिलं की साध्या सरळ फाइलवर लाल खूण. सत्तरीच्या माणसाच्या नावापुढे "क्रिमिनल कन्व्हिक्शन: येस" दिसल्यावर अधिकारी दोनदा विचार करेल. म्हातारी माणसं नातवंडाला बघायला चालली आहेत, त्यात विघ्न कशाला? मनापासून सांगतोय, लिहू नका.

कोर्टनाका | रात्री ११.१०

मी ठाण्यात वकिली करतो. व्हिसा हा माझा रोजचा विषय नाही, पण पक्षकारांसाठी अशी कागदपत्रं बरीच वर्षं काढून देतोय. जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की ती शिक्षा होती का. टीसीने गाडीत किंवा फलाटावर पकडून जादा भाडं आणि पावती दिली असेल तर ती वसुली असते, त्यात कोर्ट येत नाही. बाबांचं तसं नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरणं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मॅजिस्ट्रेटसमोर कबुली दिली, त्यांनी दंड ठोठावला. रक्कम पन्नास रुपये असो की पाचशे, ही दोषसिद्धीच. खटला पाच मिनिटांत संपला म्हणून ती कमी होत नाही.

आता यूकेचा नियम. तुरुंगवास नसलेली शिक्षा असेल आणि दोषी ठरल्याला १२ महिने उलटले नसतील, तर व्हिजिटर व्हिसा नाकारावाच लागतो. १२ महिने होऊन गेले असतील तर त्या नियमाखाली नकार द्यावा लागत नाही. बाबांच्या प्रकरणाला जवळजवळ तीस वर्षं झाली. म्हणजे "हो" लिहून बाबांचं त्या नियमाखाली काहीच बिघडत नाही.

"नाही" लिहिलं आणि ते खोटं ठरलं तर मात्र तो अर्जातला खोटेपणा. त्यावर १० वर्षांपर्यंत व्हिसाबंदी येऊ शकते.

घोडबंदरी, तुमची कळकळ समजते. पण तुम्ही "सापडेल का" एवढंच मोजताय. ज्या गोष्टीने व्हिसा अडत नाही ती लपवण्यासाठी बाबांना दहा वर्षांच्या बंदीच्या धोक्यात घालायचं, हा हिशेब मला पटत नाही.

नेरूळची_मावशी | ८ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

कोर्टनाका, प्रतिसाद आवडला. आमच्या घरचा अनुभव सांगते, अमेरिकेचा.

आमचे हे तरुणपणी नौपाड्यातल्या चाळीत राहायचे. दिवाळीत गॅलरीत तीन पत्ती चालू होती, कोणीतरी तक्रार केली, पोलीस आले. सगळ्यांना चौकीत नेलं, टेबल जामिनावर सोडलं, पुढे जुगारबंदी कायद्याखाली कोर्टात दंड झाला. सासूबाईंनी तो विषय घरात पुन्हा कधी काढू दिला नाही.

मुलीकडे जायचं ठरलं तेव्हा डीएस-१६० फॉर्ममध्ये अमेरिकेचा प्रश्न आणखी मोठा निघाला. कधीही अटक झाली किंवा दोषी ठरलात का, पुढे माफी मिळाली असली तरी सांगा, असं विचारतात. म्हणजे सुटला असाल तरी अटक सांगायचीच. यांनी स्वतःच्या हाताने "हो" केलं. ठाण्यात कोर्ट नाक्यावरच्या कोर्टात जाऊन निकालाची नक्कल काढली. बीकेसीत अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, काय झालं होतं? हे म्हणाले, दिवाळी होती, पत्ते खेळत होतो. निकाल मराठीत होता, म्हणून २२१(जी) ची, म्हणजे कागद अपुरे असल्याची, चिठ्ठी देऊन भाषांतर मागितलं. ते दिलं, काही दिवसांनी पासपोर्ट व्हिसासकट घरी आला.

ताई, बाबांना सांगा की खिडकीवर बसलेल्या माणसांनी याहून कितीतरी मोठ्या भानगडी बघितलेल्या असतात.

ऐरोलीकर | सकाळी ८.३०

मावशी, पत्त्यांचा डाव कोण जिंकत होतं ते राहिलं. :)

नेरूळची_मावशी | सकाळी ८.४१

ते आजही सांगत नाहीत!

घोडबंदरी | सकाळी ९.०५

मावशींच्या केसमध्ये कागद मिळाला म्हणून निभावलं. खारेगावच्या ताईंकडे कागदच नसेल तर? "हो" लिहायचं आणि पुरावा काही द्यायचा नाही, हे जास्त संशयास्पद नाही का? आणि दुसरा मुद्दा. बाबांनी पासपोर्टच्या फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं? तिथे "नाही" असेल तर आता विसंगती होणार.

खारेगावची | सकाळी ९.३०

अरे देवा, हा विचार मी केलाच नव्हता. मागच्या वर्षी वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात बाबांचा पासपोर्ट नवा केला, तेव्हा फॉर्म मीच भरला होता. कोर्टाच्या प्रश्नांवर सगळीकडे "नाही" आहे. आता काय?

कोर्टनाका | सकाळी १०.१५

घाबरू नका, ते "नाही" बरोबरच होतं. पासपोर्ट कायदा १९६७, कलम ६. तिथे विचारतात की गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली आहे का, आणि कोर्टात एखादं फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का. बाबांच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर नाहीच. यूके विचारतंय "कधीही, कुठेही". प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी. एका फॉर्मवरून दुसरा भरायचा नाही, प्रत्येक फॉर्मचा प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा.

कागदाबद्दल घोडबंदरींचा मुद्दा रास्त आहे. अशा प्रकरणात लांबलचक निकालपत्र नसतं, रजिस्टरात आरोपीचं नाव, कलम, कबुली, दंड एवढीच नोंद असते. किरकोळ प्रकरणांचं रेकॉर्ड ठरावीक वर्षांनी नियमानुसार नष्ट करतात. तरी त्या कोर्टात नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावून, बाबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे वर्ष देऊन. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असा शेरा लेखी घ्या. तो शेराही कागदच असतो. आणि घरात जुनी पावती शोधा. त्या पिढीची माणसं पावत्या फेकत नाहीत.

वाशी_सेक्टर१७ | सकाळी ११.००

माझ्या गाडीवर ई-चलनांचा ढीग आहे. पाम बीच रोडवर स्पीडचीच पाच-सहा असतील. उद्या ती पण लिहायची का?

कोर्टनाका | सकाळी ११.२०

भरलेलं ई-चलन म्हणजे तडजोड शुल्क, मोटार वाहन कायद्याचं कलम २००. मॅजिस्ट्रेटपर्यंत गेलंच नाही, म्हणून दोषसिद्धी नाही. पण यूकेच्या फॉर्ममध्ये वाहनगुन्ह्यांच्या दंडाचा वेगळा पर्याय आहे, उदाहरण म्हणून वेगापायी गाडी चालवायला बंदी होणं आणि विमा नसणं दिलंय. लायसन्स निलंबित झालं असेल किंवा कोर्टाने दंड केला असेल तर नक्की लिहा. आणि पाम बीचला गाडी जरा हळू चालवा, ही विनंती फुकट.

सिडनीची_सून | दुपारी २.१०

माहेर ठाणे पूर्व, कोपरी. आता सिडनी. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसाबद्दल भर घालते, सासू-सासऱ्यांचे फॉर्म मी भरलेत. इथे तर सरकारी रेकॉर्डमधून काढून टाकलेली शिक्षासुद्धा सांगायला लावतात. त्यामुळे "रेकॉर्डच नाही, मग कशाला" हे इथे चालतच नाही. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर नकार आणि तीन वर्षांची बंदी.

आणखी एक. अमेरिका, यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश व्हिसा-इमिग्रेशनची माहिती आपसात तपासतात, बोटांच्या ठशांसकट. आज यूकेला "नाही" आणि चार वर्षांनी इथे "हो" लिहिलं तर जुनं "नाही" उघडं पडणार. आईवडील एकदाच प्रवास करत नाहीत. एक नातवंड झालं की दुसरं होतं, मग मुंज, मग पदवीदान.

तलावपाळी | दुपारी २.४०

हे पाच देशांचं माहीत नव्हतं. माझी वरची मस्करी बाजूला ठेवतो. ताई, लिहा.

मिसळवाला | दुपारी ३.०५

माझ्या आतेभावाची गोष्ट, थोडक्यात. कॉलेजात मारामारी, कलम ३२३, पुढे कोर्टात तडजोड झाली. कॅनडाच्या फॉर्ममध्ये एजंटने त्याला न विचारता "नाही" टिक केलं. नंतर दुसऱ्या एका अर्जात त्याने स्वतः खरं लिहिलं, दोन अर्ज जुळेनात, आणि खोटी माहिती म्हणून पाच वर्षं दार बंद. एजंटचं काय गेलं? काही नाही, फी त्याने आधीच घेतली होती. तडजोड म्हणजे कायद्याने निर्दोष सुटल्यासारखंच, पण कॅनडा आरोप ठेवला गेला होता का हेही विचारतं. म्हणजे खरं लिहून त्याचं बहुतेक काही बिघडलं नसतं.

एजंटने भरलेला फॉर्म पाठवण्याआधी स्वतः ओळ न् ओळ वाचा. खाली डिक्लरेशन आपल्या नावावर असतं.

खारेगावची | रात्री १०.३०

सगळ्यांचे खूप आभार. आज संध्याकाळी भावाला हा धागा वाचायला दिला. तो अजून कुरकुरतोय, पण दहा वर्षांचं वाचून गप्प बसला.

बाबांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांना बंदीची भीती नाहीये, लाज वाटतेय. ते म्हणाले, "व्हिसा नको, मी जातच नाही, तुझी आई जाऊ दे." काल रात्री नीट जेवलेही नाहीत. ते तीस वर्षं विसरून गेले होते, आणि मी फॉर्म उघडून ते पुन्हा समोर आणलं, असं त्यांना झालंय.

नेरूळची_मावशी | रात्री १०.५०

अगं, मग तू भरूच नकोस ते. बाबांना लिहू दे. एक कोरा कागद दे आणि सांग, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहा, आमच्यासाठी. आमच्या यांनीही तसंच केलं होतं. तीन पत्तीचं लिहिता लिहिता चाळीतल्या सगळ्यांची नावं, कोण कुठल्या खोलीत राहायचं, हे सगळं लिहून काढलं. फॉर्मसाठी त्यातली चार वाक्यं घेतली. दुसऱ्याने आपल्याबद्दल "गुन्हेगार" लिहिणं वेगळं आणि आपण स्वतः सांगणं वेगळं.

पारसिक_बोगदा | रात्री ११.१५

मावशी, +१००. आणि ताई, बाबांना आमच्याकडून सांगा, पहिल्या पाळीची बस पकडायला धावणारा माणूस आहे तो. आम्ही सगळे अशाच माणसांची मुलं आहोत.

कामोठेकर | ९ फेब्रुवारी, दुपारी १२.४५

अवांतर: रेडिंगला गेल्यावर भाऊ पॅरिसला नेणार असेल तर शेंगेनच्या फॉर्ममध्ये पण हे लिहायचं का?

कोर्टनाका | दुपारी १.३०

शेंगेनच्या व्हिसा फॉर्ममध्ये शिक्षेचा प्रश्नच नाही. जे विचारलं नाही ते आपण होऊन सांगायला जाऊ नका. विचारलं असेल तर पूर्ण आणि खरं, एवढंच.

खारेगावची | ५ मार्च, रात्री ९.१५

बऱ्याच दिवसांनी आलेय. यूकेला प्रवासाच्या तीन महिने आधीच अर्ज करता येतो, म्हणून थांबलो होतो, आज अर्ज गेला.

रेल्वे कोर्टात नकलेचा अर्ज दिला. तिथल्या बाबूंनी खरंच शोधलं, जुनी रजिस्टरं आता नाहीत म्हणाले आणि माझ्या अर्जावरच "सदर कालावधीचे रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं लिहून सही-शिक्का दिला. पावतीसाठी घर पालथं घातलं. कपाटात बाबांची कंपनीची सगळी वेतनपत्रकं वर्षांप्रमाणे दोऱ्याने बांधलेली निघाली, आईच्या गिरणीच्या चिठ्ठ्याही निघाल्या, पण दंडाची पावती नाही. मात्र १९९७ च्या एका वेतनपत्रकावर एक दिवस बिनपगारी दाखवलाय, त्यापुढे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने "कोर्ट" असं लिहिलेलं. त्यावरून महिना तरी कळला.

मावशींचं ऐकलं. बाबांनी फुलस्केपचं दीड पान लिहिलं. त्यातून त्यांनी आणि मी मिळून फॉर्मसाठी एवढं काढलं: "१९९७ मध्ये ठाणे जिल्ह्यातील कळवा येथे कामावर जाताना रेल्वे रूळ ओलांडल्याबद्दल रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली मला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करण्यात आले. मी गुन्हा कबूल केला आणि दंड त्याच दिवशी भरला. कैद झाली नाही. त्याआधी किंवा नंतर माझ्यावर कोणताही खटला झालेला नाही. कोर्टाचे रेकॉर्ड उपलब्ध नसल्याचा शेरा सोबत जोडला आहे. रक्कम मला आठवत नाही." शेवटचं वाक्य बाबांनी आग्रहाने घातलं. मी म्हटलं अंदाजे आकडा टाकू, तर म्हणाले, आठवत नाही तर आठवत नाही असंच लिही.

शेऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं. "हो" वर क्लिक बाबांनी स्वतः केलं.

सिडनीची_सून | रात्री ९.४०

बाबांना नमस्कार सांगा. वेतनपत्रकाची फोटोकॉपी जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक फॉर्मला तोच महिना, तेच वर्ष, तेच शब्द लागतील.

घोडबंदरी | रात्री १०.००

माझं मत अजून तेच आहे की अशा क्षुल्लक गोष्टी विचारायलाच नकोत. पण बाबांचं ते "आठवत नाही" वाचून बरं वाटलं. व्हिसा आला की इथे नक्की सांगा, मीही वाट बघतोय.

ऐरोलीकर | ६ मार्च, सकाळी ८.००

याच धाग्यात विचारतो. चुलतभावाला ३१ डिसेंबर २०२१ ला घोडबंदर रोडच्या नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना धरलं. कलम १८५, ठाणे कोर्टात दंड भरला, लायसन्स काही महिने निलंबित. आता कॅनडाला मित्राच्या लग्नाला जायचंय. तोही "दंडच तर भरला" म्हणतोय. बाबांसारखंच लिहून सुटेल का?

कोर्टनाका | सकाळी ९.१०

नाही, इथे गणित वेगळं आहे, त्याला आजच सांगा. कॅनडा आपल्याकडची शिक्षा बघत नाही, तोच गुन्हा त्यांच्याकडे घडला असता तर किती शिक्षा असती ते बघतं. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षं आहे, म्हणून एकदाच घडलं असलं तरी ते गंभीर गुन्ह्यात जातं आणि नुसता काळ लोटल्याने पुसलं जात नाही. लिहायचं तर आहेच, पण नुसतं लिहून भागणार नाही. शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी पुनर्वसनाचा अर्ज करता येतो, आणि ही पाच वर्षं दंड भरून, निलंबनाची मुदत संपल्यानंतर मोजतात. त्याआधी जायचं असेल तर तात्पुरत्या परवान्याचा अर्ज, सबळ कारणासह, आणि तो द्यायचा की नाही हे सर्वस्वी त्यांच्या हातात.

त्याला म्हणावं, ठाणे कोर्टातून निकालाची आणि दंडाच्या पावतीची नक्कल काढ, आरटीओकडून लायसन्स निलंबन कधी संपलं त्याचा कागद घे. तारखा मिळाल्या की व्यनि (खासगी निरोप) करा, पाच वर्षं कधी भरतात ते बघून सांगतो. लग्नाची तिकिटं तोवर काढू नका.